म्हातारीचा बूट: त्या बुटातली म्हातारी नक्की कोण?

मोगरा

नमस्कार मंडळी, बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

परवा बहिणीच्या मुलीला घेऊन मलबार हिलला गेले होते. वय वर्षं पाच, राहणार नाशिक, मुंबई म्हणजे समुद्र आणि म्हातारीचा बूट (बागेतलं ते बुटाच्या आकाराचं घर) एवढंच तिला माहीत. तर बूट बघितला, आत शिरली, वरून हात हलवून झाला, खाली आली, परत वर गेली, असं चारदा झाल्यावर माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, म्हातारी कुठंय?" मी पर्समध्ये पाण्याची बाटली शोधत होते, तोंडातून आपोआप निघून गेलं, "लेकीकडे गेलीय, तूप-रोटी खायला." तिला ते पटलंसुद्धा! "मग भोपळ्यात बसून येणार?" म्हटलं हो. विषय संपला, आम्ही खाली चौपाटीवर भेळ खायला गेलो.

रात्री अंथरुणावर पडल्यावर माझी ट्यूब पेटली. अगं बाई, बुटातली म्हातारी आणि भोपळ्यातली म्हातारी या दोन वेगळ्या म्हाताऱ्या आहेत! मी एक्केचाळीस वर्षांची आहे आणि आजपर्यंत माझ्या डोक्यात ही एकच बाई होती. म्हणजे राहायला बुटात, आणि जंगलातून लेकीकडे जायचं असलं की भोपळा. माझ्या आजीनेच तसं सांगितलं होतं बहुतेक, तिला इंग्रजी गाणं कुठून माहीत असणार.

मग काय, झोप उडालीच होती, शोधत बसले. बूट ज्या बागेत आहे ते कमला नेहरू पार्क १९५२ सालचं. म्हणजे कमला नेहरू जाऊन तेव्हा सोळा वर्षं झाली होती (त्या १९३६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला गेल्या). आणि बूट आलाय त्या इंग्रजी बडबडगीतातून, एक म्हातारी बुटात राहायची, तिला इतकी पोरं की काय करावं कळेना, वगैरे. बुटाचं डिझाइन सोली आर्सीवाला यांचं, आपल्या महापालिकेतले पर्यावरण अभियंता. हे नाव मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि एवढी वर्षं त्या बुटासमोर फोटो काढणाऱ्या लाखो लोकांपैकी किती जणांनी ऐकलं असेल कुणास ठाऊक.

तुमच्या आठवणी, माहिती, भांडणं, सगळं येऊ द्या. आणि मुख्य म्हणजे माझ्यासारखं अजून कोणी आहे का तेही सांगा, म्हणजे मला जरा बरं वाटेल.

गिरगावचा बंड्या

मी आहे!!! फक्त माझ्या डोक्यात ती बाटाची म्हातारी होती. मला वाटायचं बूट आहे म्हणजे बाटाची जाहिरात असणार, आणि ती म्हातारी दुकानाची मालकीण.

आमची गिरगावची गँग सिरी रोडने चढून जायची. चौपाटीच्या टोकाकडून वर. दम लागायचा पण बसचे पैसे वाचायचे आणि त्या पैशांत वर गेल्यावर पेप्सीकोला (प्लास्टिकच्या नळीतला, बाटलीतला नव्हे, तरुण मंडळींनी गैरसमज करून घेऊ नये). बुटात शिरलं की पहिली मारामारी वरच्या मजल्यासाठी. वर जो आधी पोचेल तो राजा आणि खालच्यांनी त्याला जी जी म्हणायचं. जिना एवढासा, त्यात वर जाणारे आणि खाली येणारे एकाच वेळी, मग जो काही गोंधळ. माझा पुढचा दात तिथेच पडला. दुधाचा होता, पडायलाच आला होता, पण मी घरी सांगितलं की म्हातारीने घेतला.

जुनाजाणता

बंड्या, सिरी रोड म्हणजे मूळ 'शिडी' बरं का. चौपाटीवरून टेकडीवर जायला पायऱ्यांची वाट होती, तिला लोक शिडी म्हणत, साहेबाच्या जिभेवर तिची सिरी झाली.

मोगराताई, धागा छान. माझं लहानपण साठच्या दशकातलं, शाळेची सहल म्हणजे राणीची बाग नाहीतर हँगिंग गार्डन, तिसरा पर्याय नाही. हँगिंग गार्डनला आम्ही फार नाराज व्हायचो कारण तिथे काहीच लटकत नाही. १८८० च्या सुमाराची बाग, फिरोजशहा मेहतांचं नाव नंतर दिलं, खाली दक्षिण मुंबईला पाणी पुरवणारा मोठा जलाशय आहे आणि त्याच्या डोक्यावर माती टाकून हिरवळ केलीय. कुंपणाच्या झुडपांना कापून हत्ती, उंट वगैरे आकार दिलेले. मास्तर म्हणायचे बघा बघा हत्ती, आम्ही बघायचो आणि रस्त्यापलीकडच्या बुटाकडे पळायचो. हत्तीच्या आत शिरता येत नाही ना, हा मुद्दा आहे. बाकी बागांत सगळं लांबून बघायचं, हात लावू नका, फुलं तोडू नका. बूट ही मुंबईतली पहिली गोष्ट मला भेटली जिच्या आत जायचं असतं.

आर्सीवालांबद्दल थोडी भर. हे गृहस्थ मूळचे सांडपाण्याचे तज्ज्ञ. नागपूरची जी पर्यावरण संशोधन संस्था आता नीरी म्हणून ओळखली जाते तिचे ते संचालक होते. सांडपाणी शुद्धीकरणावर त्यांची पुस्तकं आहेत, इंजिनियरिंगची पोरं ती वाचून पास झालीत. आयुष्यभर गटारं आणि मैलापाणी यांचा विचार केलेल्या माणसाने पोरांसाठी बूट काढला याची मला फार गंमत वाटते.

अनुस्वार

आता मी जरा काडी टाकतो. :)

१९५२ साल. इंग्रज जाऊन पाच वर्षं झालीत, संयुक्त महाराष्ट्राची हवा तापायला लागलीय, आणि मुंबईतल्या मुलांसाठी बाग करताना आम्हाला सुचलं काय, तर इंग्लंडातल्या म्हातारीचा बूट! आपल्याकडे गोष्टी नव्हत्या? चिमणीचं मेणाचं घर आणि कावळ्याचं शेणाचं घर, ही तर अक्षरशः घरांचीच गोष्ट आहे, बांधायला तयार. भोपळा होता. भोपळ्यात पोरं बसली असती, गडगडली असती, टुणुक टुणुक म्हणत. पण नाही.

कट्टेकरी

@अनुस्वार, शेणाचं घर बांधलं असतं तर पहिल्या पावसात वाहून गेलं असतं, गोष्टीतच लिहिलंय. 😀

अनुस्वार

हा हा, मान्य. पण मुद्दा लक्षात घ्या.

तळ्याकाठी

मुद्दा लक्षात घेतला, पण त्यात फक्त मुंबईची मानसिक गुलामगिरी वगैरे नाहीये हे सांगायला लॉगिन केलं.

मी ओकलंडला राहते, कॅलिफोर्निया. आमच्या इथे लेक मेरिट म्हणून तळं आहे, त्याच्या काठावर चिल्ड्रन्स फेअरीलँड. २ सप्टेंबर १९५० ला उघडलं, म्हणजे तुमच्या बुटाच्या फक्त दोन वर्षं आधी. आणि ओळखा पाहू आत जायचा दरवाजा कसला आहे? बूट! त्याच म्हातारीचा! दरवाजा मुद्दाम इतका बुटका की मोठ्या माणसाला कंबरेत वाकून जावं लागतं, पोरं मात्र ताठ मानेनं जातात. माझे सासरे पहिल्यांदा आले तेव्हा देवळात शिरल्यासारखे वाकून हात जोडूनच आत गेले, सवयीने.

इतिहास असा की आर्थर नॅव्हलेट नावाचे एक रोपवाटिकावाले होते. त्यांनी डेट्रॉइटच्या बेल आइलवर मुलांचं एक छोटं प्राणिसंग्रहालय पाहिलं, तिथे बडबडगीतांतल्या गोष्टींचे देखावे होते. हे आपल्या गावात पाहिजे म्हणून त्यांनी तिथल्या लेक मेरिट ब्रेकफास्ट क्लबला गळ घातली, या लोकांनी पैसे उभे केले, जागा शहराची. विल्यम रसेल एव्हरिट या डिझायनरने आधी काढलेली चित्रं नीटनेटकी, सरळ रेघांची होती म्हणे, ती नापसंत झाली. मग त्याने जी मॉडेल्स केली त्यात एक रेघ सरळ नाही, भिंती वाकड्या, छपरं तिरकी, रंग भडक. सुरुवातीला सतरा देखावे होते आणि तिकीट वयाप्रमाणे ९ ते १४ सेंट.

आणि नियम एकदम न्यारा. मोठ्या माणसाला मुलाशिवाय प्रवेश नाही, आणि मुलाला मोठ्याशिवाय नाही. मला मुलगी व्हायच्या आधी तीन वर्षं मी कुंपणाबाहेरून बघायचे फक्त.

आत जादूची किल्ली मिळते, प्लास्टिकची. प्रत्येक देखाव्यासमोर एक पेटी, त्यात किल्ली घालून फिरवली की पेटी गोष्ट सांगते नाहीतर गाणं म्हणते. १९५८ पासून चालू आहे, ब्रूस सेडली नावाच्या टीव्हीवरच्या माणसाची आयडिया. जुन्या किल्ल्या अजून चालतात! आमची शेजारीण साठीची आहे, तिच्या लहानपणची किल्ली तिने नातवाच्या गळ्यात घातलीय. मी स्वतः पाहिलंय, पेटी आधी खरखरली आणि मग बोलली.

वॉल्ट डिस्नी स्वतः हे बघून गेला होता, त्याचं डिस्नेलँड १९५५ चं, आणि फेअरीलँडच्या संचालिका डोरोथी मेन्स यांना त्याने आपल्याकडे नोकरीलाच घेतलं. इथे गावातली माणसं हे असं सांगतात जसं आपल्याकडे सांगतात ना, की अमुक नट आधी आमच्या गल्लीतल्या गणपतीत काम करायचा.

सायकलवाला

वा तळ्याकाठी, मस्त! मी आइंडहोवनहून. मग मीही हात धुऊन घेतो.

इथून जवळ काट्सहोवल नावाच्या गावात एफ्टेलिंग आहे. आता मोठमोठे रोलरकोस्टर असलेलं पार्क झालंय पण सुरुवात पोरांना खेळायला मैदान आणि फिरायला झाडी इतकीच, दोन पाद्र्यांच्या डोक्यातून १९३५ च्या आसपास. मग १९५२ मध्ये (परत १९५२!) परीकथांचं जंगल उघडलं, दहा गोष्टींसह. चित्रकार आन्टोन पीक याने सगळं डिझाइन केलं आणि त्याची अट होती की खोटं सामान नको, खऱ्या विटा, खरं लाकूड. म्हणून आज सत्तर वर्षांनी ते जुनं झाल्यावर अजून खरं वाटतं.

पण पोरांचा सगळ्यात लाडका तिथला कचऱ्याचा डबा. खोटं नाही. होल्ले बोल्ले खेइस म्हणून एक ढेरपोट्या माणूस आहे, तोंड उघडं ठेवून बसलेला, कागद इकडे, कागद इकडे असं ओरडत असतो, तोंडाजवळ कागद नेला की आत ओढतो आणि धन्यवाद म्हणतो. १९५९ पासून खातोय. माझ्या पोराने तिथे खिशातलं घरच्या सामानाचं बिल, सँडविचचा कागद आणि शेवटी पार्कचा नकाशा असं सगळं त्याला भरवलं, मग आम्ही तासभर चुकत फिरलो. बागेतला सगळा कागद पोरंच उचलतात. आर्सीवाला साहेबांना आवडलं असतं हे.

अनुस्वार

म्हणजे आपण अमेरिकेची कॉपी मारली असं सिद्ध झालं तर. माझा मुद्दा अजून पक्का.

जुनाजाणता

असं कसं सिद्ध झालं रे? दोन वर्षं पुढेमागे आहेत म्हणून कॉपी? तेव्हा ओकलंडच्या बागेचे रील आपल्याकडे येत नव्हते. ते गाणं इथल्या इंग्रजी शाळांतल्या पुस्तकात आधीपासून होतं, चित्रासकट, तेवढं पुरे आहे. आणि बूट हा आकारच असा आहे की बांधणाऱ्याला मोह व्हावा. टाचेकडे जिना घालायचा, वर जिथे पाय घालतात तिथे मजला, नाडीच्या बाजूला खिडक्या, झालं घर. अमेरिकेतच पेनसिल्व्हेनियात एका चपलांच्या व्यापाऱ्याने १९४८ मध्ये बुटाच्या आकाराचं खरं राहतं घर बांधलंय. महलॉन हेन्स त्याचं नाव. आर्किटेक्टच्या हातात स्वतःचा बूट ठेवला म्हणे आणि सांगितलं, असं बांध. म्हाताऱ्या जोडप्यांना आणि नवीन लग्न झालेल्यांना तिथे फुकट राहायला बोलवायचा. कुत्र्याचं घरसुद्धा बुटाचंच.

दुसरं महायुद्ध संपलेलं, घराघरात पोरं झालेली, आणि त्यांना न्यायचं कुठे हा जगभर एकच प्रश्न असणार. मला तरी ते जास्त पटतं.

पेठकर

मुंबईकरांचं कौतुक चालू आहे, चालू द्या. पुण्यात पेशवे पार्कात आमची फुलराणी १९५६ पासून धावतेय. नाव बघा! बागेतल्या आगगाडीला फुलराणी म्हणायला मराठी डोकं लागतं. अनुस्वार यांनी इकडे यावं, आम्ही तिकीट काढून देऊ.

कट्टेकरी

पुण्याचा उल्लेख ३३ व्या नव्हे तर दहाव्याच प्रतिसादात आला, प्रगती आहे.

अनुस्वार

पेठकर, दंडवत. हे झालं ना उदाहरण.

तळ्याकाठी

बरं, कोणी ते मूळ गाणं नीट वाचलंय का? मी मुलीला म्हणून दाखवायला गेले आणि मध्येच थांबले. म्हातारी पोरांना नुसतं पातळ पेज देते, सोबत पाव नाही, आणि मग सगळ्यांना फटके देऊन झोपवते. हे आपण पोरांना झोपवताना म्हणायचं!

जुन्या आवृत्त्या तर विचारू नका. १७९४ च्या छापील आवृत्तीत फटके कुठे दिले ते अवयवासकट सांगितलंय. आणि १७९७ ची एक आहे तिचा शेवट असा की म्हातारी पोरांसाठी शवपेटी सांगायला बाहेर जाते, आणि परत येऊन बघते तर सगळी पोरं खिदळत बसलेली.

मोगरा

काय सांगतेस! पण तो शेवट मला जाम आवडला. ही आपल्याच गोष्टीची बहीण आहे गं. आपल्या म्हातारीला वाघ खायला बघतो तेव्हा ती त्याला बनवून जाते, जाडजूड होऊन येते मग खा म्हणून. इथे म्हातारीच वाघ आहे आणि पोरं तिला बनवतात.

अनुस्वार, तुमचं म्हणणं मला पूर्ण खोडता येत नाही. चिऊताईचं घर असतं तर मला आवडलंच असतं. पण एक सांगते, ते गाणं माझ्या आजीने कधी ऐकलं नव्हतं, माझ्या आईने ऐकलं नव्हतं, आणि तरी दोघी बुटाला 'म्हातारीचा बूट' म्हणायच्या, जसं काही ती म्हातारी ठाकूरद्वारला दोन गल्ल्या सोडून राहते. इंग्रजीतली गोष्ट कोणी घेतलीच नाही, फक्त बूट घेतला आणि आत आपली बाई राहायला ठेवली. कॉपी मारताना एवढी चूक होत असेल तर ती कॉपी राहते का?

गिरगावचा बंड्या

+१. आमच्या चाळीत तर ती बुटात राहते कारण मुलाने घरातून बाहेर काढलं, असं एक काकू सांगायच्या. सुनेकडे बघून.

कट्टेकरी

😂😂 काकूंना साष्टांग.

ओलावा

मी या संस्थळावर दोन वर्षं फक्त वाचनमात्र आहे, पहिलाच प्रतिसाद.

मी मुंबईत एकदाच गेलो, १९९४ ला, चौथीत होतो. मुक्काम पोस्ट लातूर. भूकंपाच्या पुढचं वर्ष. आमच्या मामांनी आम्हा भावंडांना उन्हाळ्यात मुंबईला नेलं. गेटवे पाहिलं, म्हातारीचा बूट पाहिला. बाकीचे आत पळाले, मी गेलो नाही. मला आत छप्पर असलेल्या कशातही जायचं नव्हतं तेव्हा, घरातसुद्धा आम्ही बरेच महिने अंगणात झोपायचो. मामांनी काही जबरदस्ती केली नाही. ते स्वतः आत गेले, सहा फुटी माणूस, धोतर, टोपी, कसेबसे वर चढले आणि वरून ओरडले, अरे पडत नाही रे, मी उड्या मारून बघितलं! आणि खरंच उड्या मारून दाखवल्या. खालून सगळी बाग हसत होती. मग मी गेलो.

वरून खाली समुद्राची ती वाकडी कड आणि दिवे लागायला सुरुवात झालेली, एवढंच आठवतं. मामा आता नाहीत.

मोगरा

ओलावा, पहिला प्रतिसाद आणि असा. लिहीत राहा हो.

जुनाजाणता

ओलावा, तुमच्या मामांना नमस्कार.

ती वाकडी कड म्हणजे मरीन ड्राइव्ह, क्वीन्स नेकलेस. दिवे लागताना बघायला आम्ही बाजूच्या नाझ कॅफेत बसायचो, कॉलेजात असताना, एक चहा चौघांत. नाझ आता नाही. बूट आहे.

सायकलवाला

सध्या काय अवस्था आहे? मुलाला डिसेंबरात आणतोय.

मोगरा

मधे बागेचं नूतनीकरण झालंय, बूट रंगवलेला आहे, बाकीही गाण्यांचे देखावे केलेत. मला सगळंच आवडलं असं नाही, थोडं चकचकीत झालंय, पण भाचीला तेच आवडलं आणि बाग माझ्यासाठी नाहीये. पार्कच्या मागेच झाडांमधून जाणारा उंचावरचा लाकडी रस्ता झालाय, मार्च २०२५ मध्ये सुरू झाला, ४८५ मीटर लांब. त्याचं तिकीट आधीच ऑनलाइन काढून ठेवा. बुटाला सकाळी लवकर जा, अकरानंतर जिन्यात बंड्या म्हणतोय तीच परिस्थिती, पिढी बदलली तरी.

आणि हो, काल भाचीचा फोन आला होता. मी प्रामाणिकपणे खरी गोष्ट सांगितली, की ती वेगळी म्हातारी आहे, तिला खूप मुलं होती, ती त्यांना पेज द्यायची वगैरे (फटके गाळले). तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या बुटात दुसरा पाय कुठाय? एकच बूट कसा?"

कोणाकडे उत्तर असेल तर लवकर द्या, रविवारी परत फोन येणार आहे.

कट्टेकरी

सांग, दुसरा ओकलंडला आहे.